न्यूयॉर्क सोळा तासांवर, पण कुठून?

माननीय संपादक साहेब,

स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत "मुंबई ते न्यूयॉर्क, अंतर १२,५०० किमी, वेळ १६ तास" अशी चौकट आली होती, सोबत जगाचा नकाशा आणि त्याच्यावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवून मारलेली लाल रेघ. आकड्यांबद्दल माझं भांडण नाही, ते ठीकच आहेत. पण रेघ साफ चुकलीय, आणि आकडे बरोबर असूनही अर्धवट आहेत. हे एवढ्यासाठी लिहितोय की आमच्या भुसावळ, जळगाव, अमळनेर पट्ट्यात आता गल्लीगणिक एखादं पोरगं नाहीतर पोरगी न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया अशी कुठेतरी आहे आणि त्यांचे आईबाप सत्तरीच्या घरात पहिल्यांदा विमानात बसतायत, कोणी बाळंतपणाला, कोणी नातवाला सांभाळायला, आणि ही माणसं असल्या चौकटी कापून पाकिटात ठेवतात हो. त्यावर भरवसा ठेवून निघतात.

आधी रेघेचं बघू. तुमची रेघ अरबी समुद्रातून निघते, सौदी, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को असं करत अटलांटिकमध्ये उतरते आणि सरळ न्यूयॉर्कला टेकते. दिसायला सरळ. पण त्या रेघेवरून विमान खरंच नेलं तर अंतर भरतं १४,२०० किमीच्या आसपास, म्हणजे साधारण १,७०० किमी जास्त, म्हणजे आजच्या विमानाला जवळजवळ दोन तास फुकटचे. म्हणजे गंमत बघा, चौकटीत छापलेला १२,५०० चा आकडा तुम्ही काढलेल्या रेघेचा नाहीच, तो दुसऱ्याच वाटेचा आहे. आकडा एकीचा आणि फोटो दुसरीचा.

ती दुसरी वाट कोणती ते बघायला इंटरनेटसुद्धा लागत नाही. घरात पोरांचा पृथ्वीगोल असतो ना प्लास्टिकचा, तो घ्या. शिवणाचा दोरा घ्या, एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणा. मी हे नातवासमोर केलं. पहिल्यांदा दोरा मुद्दाम इजिप्तवरून धरला आणि मग ताणला, तर तो बोटाखालून आपोआप वर सरकायला लागला, तुर्कस्तान सोडलं, काळा समुद्र सोडला, आणि जिथे थांबला तिथे वाट होती पाकिस्तान, अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंडचं हेलसिंकी, मग स्वीडन-नॉर्वे ओलांडून आइसलंडच्या दक्षिण भागावरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून, कॅनडावरून खाली न्यूयॉर्कला. सगळ्यात वर ही वाट ६५ अंश उत्तरेच्या जवळ जाते, म्हणजे आर्क्टिक वर्तुळाच्या जरा खाली. मुंबईहून निघताना विमानाचं तोंड पश्चिमेला नसतंच, ते असतं उत्तरेला, थोडंसं डावीकडे कललेलं. पोरगं म्हणे आजोबा, अमेरिका तर तिकडे आहे, मग हे इकडे कुठे चाललं. बरोबर प्रश्न आहे, पण तो तुमच्या नकाशाने शिकवलेला आहे.

भिंतीवरचा जो नकाशा आपण सगळे बघत आलो तो बहुतेक मर्केटर नावाच्या माणसाच्या पद्धतीचा, सन १५६९ चा. त्याने तो जहाजवाल्यांसाठी केला, होकायंत्राचा एकच काटा धरून जायचं तर नकाशावर सरळ रेघ यावी म्हणून. त्या कामाला तो उत्तम. पण त्यापायी वरचा भाग असा ताणला गेलाय की ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, खरं तर आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. जिथे जमीन ताणलेली तिथे वाटही ताणलेली दिसणार, म्हणून खरी जवळची वाट त्या कागदावर कमानीसारखी वाकडी दिसते आणि लांबची वाट सरळ.

हीच कमान विमानात समोरच्या सीटच्या पाठीवर जो स्क्रीन असतो त्यावर दिसते. आमच्या गल्लीतले एक आप्पा जाऊन आले, शेतकरी माणूस, रावेरकडची केळी, त्यांनी मला सांगितलं की रात्रभर झोपलेच नाहीत, स्क्रीनवर ते इटुकलं विमान बघत बसले, आणि ते वर वर चाललेलं बघून शेजारच्या पोराला उठवून विचारलं, "हाई इमान इतलं वाकडं काब्र जाई ऱ्हायनं?" म्हणजे हे विमान इतकं वाकडं का चाललंय. पोरगं हैदराबादचं, त्याला अहिराणी काय कळणार. एअर होस्टेसला वाटलं आप्पांना बरं नाही, तिने पाणी आणून दिलं. यात हसण्यासारखं काही नाही बरं का, नकाशा बघायची सवय असलेल्या माणसालाच हा प्रश्न पडतो.

आता वेळेकडे येतो, खरी खोच तिथे आहे.

मोठं जेट विमान वर गेल्यावर ताशी ९०० किमीच्या आसपास चालतं. १२,५०० भागिले ९००, चौदा तास. मग चौकटीत सोळा कुठून आले? आणि परत येताना तेच अंतर साधारण चौदा-साडेचौदा तासांत कसं होतं? तुम्ही एकच आकडा छापला, जणू काही जाणं आणि येणं सारखंच. भुसावळहून कल्याणला जाताना आणि येताना गाडीला थोडाफार फरक पडतो तो घाटामुळे, पण इथे हवेत दोन तासांचा फरक पडतो त्याला घाट कुठला?

घाट नाही, वारा आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे पट्टे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात, आणि त्यांचा वेग कधी कधी ताशी २००, ३०० किमीच्या पुढे जातो, हिवाळ्यात जास्तच. विमान हवेत पोहत असतं, त्याचा ९०० चा वेग हवेच्या हिशोबाने, जमिनीच्या नाही. समजा वाटेतला सगळा फेरफार धरून १३,००० किमी कापायचेत आणि सरासरी ८० चा वारा तोंडावर आहे, तर जमिनीवरून ८२० चाच वेग मिळाला, झाले पावणेसोळा-सोळा तास. तोच वारा पाठीवर घेतला तर ९८०, सव्वातेरा तास. वर चढणं, उतरणं, रनवेकडे रांगेत सरकत जाणं हे अजून वेगळं धरा. म्हणजे बघा, ८० चा साधा वारा, आणि फरक अडीच तासांचा. ९ फेब्रुवारी २०२० ला वादळी वाऱ्यात न्यूयॉर्कहून निघालेलं एक जंबो ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं होतं, एरवी त्याच वाटेला सहा-सात तास लागतात. पायलटने काही जादू केली नव्हती, फक्त पट्ट्याच्या मधोमध बसला. लंडन-न्यूयॉर्क साडेतीन तासांत करणारं काँकॉर्ड २००३ पासूनच बंद आहे, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीपेक्षा आज आपण काही वेगात उडत नाही, हे लोकांना सांगितलं की पटत नाही.

इथे एक गैरसमज सांगतो, स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर मी तो दर महिन्याला ऐकतो आणि मोठे शिकलेले लोक सांगतात. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला अमेरिका आपणहून सामोरी येते, वेळ कमी लागतो. असं असतं तर काय झालं असतं बघा. आपल्या अक्षांशावर जमीन ताशी साधारण १,५६० किमी वेगाने फिरतेय. मग भुसावळवर एक हेलिकॉप्टर नुसतं वर चढवायचं, मिनिटभर तिथेच फडफडत ठेवायचं आणि खाली उतरवायचं, की आलं जळगाव. कशाला हवी मेमू आणि कशाला हवी एसटी. अहो, हवा पृथ्वीसोबतच फिरते ना, आणि विमान हवेत आहे. आणि प्रत्यक्षात तर उलटंच होतं, पश्चिमेला जाणारं विमान जास्त वेळ घेतं. टपरीवर हे सांगितलं की एकजण तरी म्हणतो "तसं नाही भो", आणि चर्चा केळीच्या भावावर जाते.

वाऱ्याची सगळ्यात भारी गोष्ट दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोची. जवळची वाट १२,४०० किमीच्या आसपास, ती जवळजवळ उत्तर ध्रुवाकडून जाते. सॅन फ्रान्सिस्को आपल्यापासून इतकं पलीकडे आहे की पूर्वेकडून जा की पश्चिमेकडून, दोन्हीकडून जमतं. एअर इंडिया आधी अटलांटिककडून न्यायची. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी दिशाच बदलली, पूर्वेला तोंड करून पॅसिफिकवरून नेलं, अंतर भरलं १५,३०० किमी, आणि वेळ लागला साडेचौदा तास, आधीच्यापेक्षा कमी! वाट लांबली आणि प्रवास आटोपला लवकर, कारण अख्ख्या रस्त्यात वारा पाठीवर. आता सांगा, तिथे "अंतर अमुक, वेळ तमुक" असं एका ओळीत छापणार कसं? पुढे जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि सगळ्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला ध्रुवावरून विमान आणलं, ती बातमी तुम्हीही छापली असेल, पण ध्रुवावरून का आणलं हे छापलं असेल तर माझ्या वाचण्यात नाही.

आणि वाट जवळची आहे म्हणून मिळेलच असं नाही. खाली जमीन ज्याची, वरचं आभाळ त्याचं. तो जो दोरा मी सांगितला तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशियावरून जातो, म्हणजे यातलं एकेक आभाळ कधी ना कधी, कोणासाठी ना कोणासाठी बंद झालेलं आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आभाळ बंद केलं ते जुलैत उघडलं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर आपल्या विमानांना परत बंद, मग आपणही त्यांना बंद केलं. मुंबईचं विमान समुद्रावरून निघून जातं, त्याला त्यातल्या त्यात कमी त्रास, पण दिल्लीवाल्याला आधी खाली गुजरातकडे यावं लागतं आणि मग पश्चिमेला वळायचं. त्यापायी दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना मध्ये व्हिएन्नाला उतरून तेल भरावं लागलं. रशियाने २०२२ पासून युरोपातल्या बहुतेक आणि अमेरिकेच्या कंपन्यांना बंद केलंय, त्यात फिनलंडच्या फिनएअरचं हेलसिंकी-टोकियो नऊ-साडेनऊ तासांचं तेरा तासांवर गेलं. ती कंपनीच मुळी "आशियाला सगळ्यात जवळची वाट आमची" म्हणून उभी राहिलेली. जुन्या लोकांना आठवत असेल, सोव्हिएत काळात युरोप ते जपान विमानं अलास्कात अँकरेजला उतरायची, तेही याच कारणाने. म्हणजे पोराने गेल्या वर्षी फोनवर सांगितलेला वेळ यंदा खरा असेलच असं नाही, हे एका ओळीत तरी चौकटीत यायला हवं होतं. बातमीच्या पानावर तुम्ही आभाळ बंद झाल्याची बातमी देता आणि पुरवणीत जुनाच वेळ छापता, दोन्ही खोल्यांमध्ये एक दार ठेवा ना राव.

आता घड्याळ. माझ्या मते म्हाताऱ्या माणसाला खरा त्रास इथे होतो, वारा-बिरा त्याचं काही बिघडवत नाही.

तिकिटावर लिहिलेलं असतं, समजा, मुंबई ०१:३०, न्यूयॉर्क ०८:००, तारीख तीच. आमचे लोक बोटावर मोजतात, दीड ते आठ, साडेसहा तास, अरे वा, सोळा कुठे, हे तर लगेच! तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा, कारण ते लोक मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे. दीड अधिक सोळा, संध्याकाळचे साडेपाच आपले, त्यातून साडेनऊ गेले, सकाळचे आठ. बसलं गणित. परत येताना दुपारी बाराला निघालात तर आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ झालेले, त्यात साडेचौदा मिळवा, मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी बारा. घड्याळात बारा ते बारा, काटा जिथल्या तिथे, तारीख एक पुढे. घ्यायला जाणाऱ्या पोराने याच जागी गोंधळ घातलेला मी बघितलाय, गाडी एक दिवस आधीच घेऊन गेला बिचारा, डिझेल गेलं आणि पार्किंगही.

तशी आपली घड्याळंही आपली नाहीतच. भारताची वेळ ठरते ८२.५ अंश रेखांशावर, तिकडे मिर्झापूरजवळ. जळगाव साडेपंचाहत्तर अंशावर, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने आपण त्या घड्याळाच्या २८ मिनिटं मागे. म्हणून आपल्याकडे ऊन बारालाच कडक असलं तरी डोक्यावर साडेबाराच्या आसपास येतं. हे सहज आठवलं म्हणून लिहिलं, कापलंत तरी चालेल.

आणि तारखेचा तो जो फास आहे, त्याने तर कितीतरी घरं रडवलीत. अमेरिकेची बरीच विमानं मुंबईहून रात्री बारानंतर निघतात. तिकिटावर १२ तारीख, वेळ ०१:३०. घरचे म्हणतात बारा तारखेला निघायचं, रात्रीचं विमान आहे, जेवून निघू. अहो, ते ११ च्या रात्री जेवून एअरपोर्टवर हजर राहायचं असतं! १२ च्या रात्री पोचलात तर विमान न्यूयॉर्कला जाऊन झाडून-पुसून तयार असतं. भुसावळ स्टेशनवर रात्री बारानंतर किती गाड्या येतात, आमच्या लोकांना हे रेल्वेमुळे तरी पाठ पाहिजे, पण विमानाचं नाव निघालं की माणूस भांबावतो. माझी सगळी नोकरी रेल्वेत कंट्रोल ऑफिसात झाली, त्यामुळे अशा वेळा कोणीही आणून दाखवतं, आणि मी तारखेभोवती लाल पेनने गोल करून "आदल्या रात्री" असं लिहून देतो, बाकी काही सांगत नाही.

विमान कंपन्यांच्या वेळेत जरा हवा भरलेली असते तेही सांगून टाकतो. गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा वेळ तिकिटावर असतो आणि त्यात उशिराची थोडी तरतूद आधीच करून ठेवतात. टाइमटेबलमध्ये आम्ही शेवटच्या स्टेशनाआधी स्लॅक ठेवायचो तसंच, गाडी कल्याणला वीस मिनिटं लेट आणि दादरला म्हणे राइट टाइम! म्हणून विमान "वेळेआधी पोचलं" अशी घोषणा झाली की टाळ्या वाजवायची गरज नाही.

एवढं सगळं झाल्यावर आता माझा मूळ मुद्दा. सोळा तास, पण कुठून? मुंबईहून. आणि तुमचा वाचक राहतो कुठे? तुमची ही आवृत्ती जळगाव, धुळे, नंदुरबारात वाचली जाते. आमचा प्रवास घराच्या पायरीवरून सुरू होतो.

जळगावहून मुंबई हवेतून सरळ मोजली तर ३५५ किमीच्या आसपास, रेल्वेने ४२० किमी. दीडचं विमान असलं तर तीन-चार तास आधी एअरपोर्टवर, म्हणजे रात्री दहा. गाडीचा काय भरवसा, कसारा घाटात एखादी मालगाडी अडकली, पावसाळ्यात रुळावर दगड आले, म्हणून दोन तास हाताशी. मग दादर किंवा ठाण्याहून बॅगा घेऊन टॅक्सी, आणि ट्रॅफिक. म्हणजे घरून निघायचं दुपारी बाराच्या आत, खरं तर सकाळीच. हिशोब करा, पहिल्या ३५५ किमीला विमान उडेपर्यंत तेरा-चौदा तास, आणि पुढच्या १२,५०० ला सोळा! नंदुरबारवाला तर खानदेश एक्स्प्रेसने नाहीतर दुसऱ्या कशाने आधी सुरतेला जातो आणि मग खाली मुंबईला येतो. धुळेवाल्यांना हायवेने नाशिक, कसारा. शिरपूरवाले म्हणतात आम्हाला इंदूर बरं, तिथून दिल्ली. प्रत्येकाची वाट वेगळी, आणि ती कुठल्याही चौकटीत नसते.

जळगावला विमानतळ आहे की, असं कोणी म्हणेल. आहे. उडान योजनेत डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईची सेवाही सुरू झाली होती, मग बंद, मग चालू, मग गाव बदल, असं चाललेलं असतं, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाचा महिनाभर आधीचा बेत त्यावर आखायला धीर होत नाही. येतं ते एटीआर, पंख्याचं विमान, ताशी पाचशेच्या आसपास चालतं, पण एवढ्या अंतराला ते भरपूर झालं, तासाभरात मुंबई. मात्र ते तिकीट वेगळं आणि अमेरिकेचं वेगळं असेल तर बॅगा मुंबईत परत उचलायच्या, परत रांगेत लावायच्या, आणि छोटं विमान लेट झालं म्हणून मोठं चुकलं तर मोठ्याची कंपनी हात वर करते. आणि दोन्हीच्या वजनाची मर्यादाही वेगळी. तिकडे २३ किलोच्या दोन बॅगा चालतात म्हणून माणूस बिबडे, कुरडया, कळण्याचं पीठ असं ठासून भरतो आणि जळगावच्या काउंटरवर बॅग उघडायची पाळी येते. सगळ्यांसमोर. काकू कुरडयांचा डबा पोटाशी धरून उभ्या आणि मागे रांग, हे मी डोळ्यांनी बघितलंय, कोणाची चूक म्हणायची, तिकीट काढून देणाऱ्याने सांगायला नको? आणि आता मुंबईत विमानतळ दोन झालेत, नवी मुंबईचं सुरू झालंय, तिकडे न्यूयॉर्कला जेएफके वेगळं आणि न्यू जर्सीचं नेवार्क वेगळं. पोरगा एडिसनला राहत असेल तर नेवार्क जवळ पडतं. हे सगळं "मुंबई ते न्यूयॉर्क" या तीन शब्दांत बुडून जातं.

गोळ्यांचंही आहे. बीपी, शुगरची औषधं घड्याळ बघून घेणारी माणसं, विमानात घड्याळ कुठलं धरायचं? घरापासून घरापर्यंत पस्तीस-छत्तीस तास होतात, त्यात रात्र एक की दीड तेच कळत नाही. शेवटची गोळी घेतल्यापासून किती तास झाले ते मोजायचं, हे निघायच्या आधी आपल्या डॉक्टरला विचारून कागदावर लिहून घ्यावं, इन्सुलिनवाल्यांनी तर नक्कीच, आणि औषधं हातातल्या बॅगेत ठेवावीत. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवता येते, चालता येत असलं तरी मागावी, लाज कसली, मुंबईच्या एअरपोर्टवर आतल्या आत जे चालणं आहे ते आपल्या वरणगाव रोडला सकाळी फिरायला जाणाऱ्यालाही जड जातं.

लांबचं म्हणजे किती लांब, याचीही एक हद्द आहे, तीही एकदा छापा. पृथ्वीचा घेर ४०,००० किमी, म्हणून कुठलंही गाव दुसऱ्या गावापासून २०,००० किमीहून लांब असूच शकत नाही. जळगावच्या बरोब्बर खाली, पृथ्वीच्या पलीकडे, पॅसिफिकचं पाणी आहे, ईस्टर बेटापासून ईशान्येला काही शे किलोमीटरवर. तिथे जायला कोणाचं पोरगं नाही. आज जगातली सगळ्यात लांब थेट विमानसेवा सिंगापूर-न्यूयॉर्क, १५,३०० किमीच्या वर आणि साडेअठरा तासांच्या आसपास, ऑक्टोबर २०१८ मध्ये ती नेवार्कपासून सुरू झाली. म्हणजे न्यूयॉर्कवाला पोरगा आपल्यापासून जगाच्या टोकाला आहे असं त्याची आई म्हणते ते खरं नाही, टोकाच्या साठ-पासष्ट टक्क्यांवर आहे. तिला हे सांगून उपयोग झाला नाही ते वेगळं.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच. चौकट परत छापा. रेघेऐवजी कमान काढा, किंवा मग नकाशाच काढू नका. जायचा वेळ आणि यायचा वेळ वेगवेगळे द्या. निघायची आणि पोचायची वेळ त्या त्या गावची, तारखेसकट द्या, शेजारी कंसात आपली वेळ. रात्री बारानंतरच्या विमानाला "आदल्या रात्री निघा" असं ठळक टाका. आणि "मुंबईपासून" च्या खाली एक ओळ जळगाव, धुळे, नंदुरबारपासून किती आधी निघायचं त्याची, रेल्वेचं टाइमटेबल बदललं की बदलायची. ती ओळ भरायला माणूस लागला तर मी आहे, पेन्शनवर बसलोय, फुकट भरून देईन. पुढच्या रविवारी छापलीत तर कात्रणाच्या दहा झेरॉक्स काढून स्टेशनसमोरच्या टूर्सवाल्याच्या काचेवर आणि दोन दवाखान्यांत चिकटवायचं मी आधीच बोलून ठेवलंय, टूर्सवाला तयार आहे, फक्त म्हणाला जुनी चौकट आधी खरवडून काढा, ती त्याने फेव्हिकॉलने लावलीय.

आपला,
एक वाचक, भुसावळ